सोन्याचं पाणी दिलेला रेझर

दाढी ही दार लोटून करायची गोष्ट आहे असं मानणाऱ्यांना आमचे गुरुजी आवडले नसते. ते रोज सकाळी ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, साऱ्या पुऱ्याच्या, म्हणजे वस्तीच्या, देखत दाढी करायचे. खांबाला आरसा टांगलेला, खाली गडव्यात गरम पाणी, आणि मांडीवरच्या पंच्यावर त्या दिवसाचा रेझर. 'त्या दिवसाचा' अशासाठी, की काल वापरला तो आज निघायचा नाही. गालावर फेस, मान तिरपी, आणि तशा अवस्थेत ते समोर थांबलेल्या कुणाशीही भूगोलापासून नगरपालिकेच्या नळांपर्यंत कशावरही बोलायचे. शाळेत जाणारी पोरं तर रोजच थांबत. दुसऱ्या कुणा मास्तरानं हाकललं असतं. हे म्हणत, "पायून घ्या. फुकट हाय."

मी त्यांचा भाडेकरू होतो. अचलपूरहून अकोल्याला आलो तो छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला. दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका जुळवायच्या आणि मालकाची नजर चुकवून आमची पत्रकं. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो आणि मला वाटायचं की आता एकेक गोष्ट ओरडून सांगितली की जग सरळ होणार आहे. अजूनही पुष्कळदा वाटतं. पाणवठा, हॉटेलातली कपबशी, शाळेतला माठ, सगळ्यांवर माझं पत्रक तयार असे. गुरुजी मला नावानं हाक मारत नसत. "काय पत्रकवाले, आज कोनाले धुतलं?" अशी दिवसाची सुरुवात व्हायची.

त्यांच्या घरात एका भिंतीला फळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्या फळ्यांवर बिस्किटांचे, चहाचे, औषधांचे पत्र्याचे डबे होते. त्या डब्यांत रेझर होते. न्हाव्याचा उघडा वस्तरा नव्हे. ज्याच्या डोक्यात ब्लेड घालून आपली आपण दाढी करता येते तो सेफ्टी रेझर. अमेरिकन, विलायती, जर्मन. तीन तुकड्यांचे, मूठ पिळली की डोकं फुलासारखं उघडणारे, आडव्या दांड्याचे, दात्यांचे. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा जड सामान विकून गेले आणि हलकं सामान विसरून गेले. ते विसरलेलं हळूहळू कबाड्यांच्या टोपल्यांत आलं आणि तिथून गुरुजींच्या डब्यांत. बाकीच्यांना यात काही दिसत नव्हतं. शाळेतले त्यांचे सोबती त्यांना 'पातेवाले' म्हणत. कुणी म्हणे डोकं फिरलं आहे, कुणी म्हणे मास्तरांना मूलबाळ नाही म्हणून हा नाद लागला. दोन्ही गोष्टी त्यांच्या कानांवर होत्या.

रेझर हातात आला की ते आधी तो पालथा करायचे. "आधी पाठ पायजो," ते मला सांगत. "तोंड काय, सगळेच दाखवतात." डोक्याच्या खालच्या पट्टीवर, दात्यांच्या मागे, बारीक आकडे आणि अक्षरं असतात. ते आकडे म्हणजे त्या रेझरची जन्मवेळ. मग अंगठा दात्यांवरून फिरवायचा, मग तळहातावर वजन बघायचं, मग मूठ फिरवून आटे सरळ बसतात का ते ऐकायचं. हो, ऐकायचं. कानाशी धरून. एकाचं डोकं दुसऱ्याच्या मुठीवर बसवून कबाडी पुष्कळदा माल खपवायचे. अशा जोडीला गुरुजी 'घरजावई' म्हणत. घरजावयांचा वेगळा डबा होता, आणि त्यांतला एखादा ते आवर्जून रविवारी वापरत. म्हणत, त्यालेबी वाटलं पायजे की घर आपलं हाय.

आणि एक नियम होता. मळ काढायचा नाही. वाळलेला साबण कोमट पाण्यानं सोडवायचा, मऊ धोतराच्या तुकड्यानं टिपायचं, बास. काळपट झालेला धातू काळपटच ठेवायचा. कारण हे रेझर आतून पितळेचे असतात आणि वरून त्यांना निकेलचं, चांदीचं, क्वचित सोन्याचं पाणी दिलेलं असतं. ते पाणी कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. घासलं की गेलं. हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. ओट्याशी थांबणाऱ्या पोरांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, एकदा वसुलीला आलेल्या नगरपालिकेच्या शिपायाला सांगितलं, आणि तो पावती न फाडताच परत गेला.

मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मात्र ते एकच वाक्य बोलत. "हात लावू नोको."

मावशी दिवसातून दोनदा त्या भिंतीसमोरून झाडू मारत जात आणि फळ्यांच्या अलीकडेच थांबत.

सोन्याचं पाणी दिलेला एकच रेझर त्यांच्याकडे होता. तो परतवाड्याच्या एका कबाड्याकडे मिळाला, आणि त्या दिवशी मी सोबत होतो. चिखलदऱ्याच्या बंगल्यांतला माल उतरतो तो परतवाड्यात. कबाड्यानं बिजागऱ्यांची आणि मोडक्या कुलपांची पाटी पुढे केली. तिच्यात चुन्यानं आणि काजळीनं माखलेलं काहीतरी होतं. गुरुजींनी ते उचललं, पालथं केलं, परत ठेवलं आणि एका गंजक्या बिजागरीवर भांडायला लागले. असे भांडले की मला लाज वाटली. कबाडी वैतागून म्हणाला, "ले जाव गुरुजी, और ये लोहा भी ले जाव." ते 'लोहा' गुरुजींनी नाइलाजानं घेतल्यासारखं पिशवीत टाकलं. बस डेपोपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. अकोल्याला घरी आल्यावर कोमट पाण्याचा बोळा फिरवला, आणि मुठीच्या खोबणीत पिवळं चमकलं. पितळेचं पिवळं नव्हे. त्या घडणीचे दाते कारखान्यानं थोडेच दिवस काढले, मग साचा बदलला. सोन्याचं पाणी दिलेले तर साहेबांना नजराणा म्हणून द्यायचे. तो रेझर त्यांनी कधी वापरला नाही. ज्या डब्यात होता तो डबा फळीवर मधोमध ठेवला, बुद्धांच्या तसबिरीखाली.

मला हा सगळा खेळ वाटायचा. मी बोलूनही दाखवलं. माणसं उपाशी आहेत, पाण्याला शिवू देत नाहीत, आणि तुम्ही साहेबांच्या दाढीचं लोखंड गोळा करता. गुरुजींनी त्यावर गावची गोष्ट सांगितली.

त्यांचं गाव पातूर तालुक्यातलं. गावचा न्हावी पाटलाच्या म्हशी भादरायचा, पण आमच्या वस्तीतल्या माणसाला हात लावायचा नाही. म्हशीचं चालायचं. वस्तीतले लोक एकमेकांची दाढी करत, विळ्याच्या तुटक्या पात्याला धार लावून. गुरुजींच्या वडलांच्या जबड्यावर अशा एका दाढीचा वण होता, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि तिथे केस उगवत नसत. गुरुजी मास्तर झाले, पहिला रेझर जुन्या बाजारात मिळाला, तो घेऊन ते गावी गेले आणि वडलांना घराबाहेरच्या दगडावर बसवून, चावडीवरून दिसेल असं, त्यांची दाढी केली. रक्ताचा थेंब न येता. "बाप दिवसभर गालावरून हात फिरवून राह्यला होता," गुरुजी म्हणाले. "कोनी पाहुना आला का म्हने, पाय बरं हात लावून." वडील त्यानंतर फार जगले नाहीत. तो रेझर सगळ्यांत साधा, लाखोंनी निघालेला. तो गुरुजींच्या उशाशी असायचा. ओट्यावरची दाढीही तिथूनच आलेली.

मी तरीही गप्प बसलो नाही. म्हटलं, एकेकट्यानं घरात रेझर आणल्यानं सलूनचं दार उघडत नाही. त्या वेळी अकोल्यात बाजाराकडच्या काही सलूनांत आमच्या लोकांना खुर्चीत बसवत नसत. कायदा झाला होता, पण कायदा दुकानात शिरायला वेळ लागतो. कुणी आलं की कारागीर म्हणायचा, आज पाणी नाही, वस्तऱ्याला धार नाही, मालक गावाला गेला. आम्ही ठरवलं की एका सलूनात एकेकानं जाऊन बसायचं आणि उठायचं नाही. 'खुर्ची सर्वांची' असं पत्रक मी जुळवलं. पहिलं नाव प्रतिष्ठित माणसाचं हवं होतं. मी गुरुजींच्या मागे लागलो. ते नको नको म्हणत राहिले. न्हाव्याच्या हातची दाढी त्यांनी आयुष्यात केलेली नव्हती आणि ती नसणं हाच त्यांचा मान होता. शेवटी म्हणाले, येतो. तुझं पत्रक वाया नको जायले.

त्या दिवशी सलूनासमोर बम गर्दी. गुरुजी पांढरं धोतर, काळा कोट घालून आले, थेट आत गेले आणि खुर्चीत बसले. मालक तरुण होता, घाबरलेला. बाहेर आम्ही, पलीकडे त्याची नेहमीची गिऱ्हाइकं. त्यानं खूप वेळ वस्तरा चामड्यावर फिरवला. मग पुढे आला, गुरुजींची हनुवटी धरली, गालावरून तळहात फिरवला, एकदा उजव्या, एकदा डाव्या, आणि अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला, "गुर्जी, याच्यात काढू काय? इथं तर काहीच नाई."

गुरुजी सकाळी दाढी करून आले होते. रोजच्यासारखे. दाढी न करता घराबाहेर पडायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आधी सलूनवाला हसला, मग गिऱ्हाइकं, मग आम्ही. गुरुजी तेवढे हसले नाहीत. पण हसण्याच्या त्या भरात सलूनवाल्यानं पुढच्या माणसाला, आमच्याच वस्तीतल्या एका हमालाला, खुर्चीत घेतलं, आणि त्या दुकानापुरती गोष्ट मिटली. मी हा विजय म्हणून छापला. संध्याकाळी गुरुजींना पत्रक दाखवायला गेलो तर ते ओट्यावर बसून गालावरून हात फिरवत होते. म्हणाले, "हात गरम होता त्याचा."

एवढंच. मला गावातला तो दगड दिसला, बापाला बसवलेला.

यानंतर दोनेक वर्षांनी अमरावतीचं प्रकरण झालं. तिथल्या एका संस्थेनं जुन्या घरगुती वस्तूंचं दालन उघडायचं ठरवलं होतं. एक निवृत्त प्राध्यापक त्यासाठी अडकित्ते, पानडबे, समया, दौती जमवत हिंडत होते. परतवाड्याच्या त्याच कबाड्यानं त्यांना सांगितलं की अकोल्याचा एक गुरुजी येतो आणि माल पालथा करून बघून घेऊन जातो. प्राध्यापकांचं पत्र आलं. मी आणि गुरुजी अमरावतीला गेलो.

मी भांडणाच्या तयारीनं गेलो होतो. प्राध्यापकांच्या घरी चहा आला तेव्हा मी आमच्या कपाची नक्षी आणि त्यांच्या कपाची नक्षी ताडून पाहिली. एकच होती. कान तुटलेला कप त्यांनी स्वतःला घेतला होता. माणूस चांगला होता. हे लिहिताना आजही मला थोडं जड जातं. त्यांनी दालन दाखवलं. एक काचेचं कपाट रिकामं होतं, तलवारी आणि पानडबे यांच्या मधलं. ते म्हणाले, यात तुमचे रेझर, आणि खाली पाटी, देणाऱ्याच्या नावाची.

गुरुजींनी विचारलं, "माझ्या नावाऐवजी बापाचं चालते काय?"

चालेल म्हणाले. मग गुरुजींनी पाटीवर काय असावं ते सांगितलं. वडलांचं नाव, गावाचं नाव, तालुका पातूर. बाकी काही नको. आणि पाटी नेमकी किती उंचीवर लागेल ते विचारलं, हात लावून पाहिलं. ती त्यांच्या जबड्याच्या उंचीला येत होती. परतीच्या गाडीत ते आनंदानं इतके बोलत होते की डब्यातल्या बायका कंटाळून दुसरीकडे सरकल्या. ज्या माणसाला गावच्या न्हाव्यानं कधी हात लावला नाही, त्याचं नाव अमरावतीत काचेआड लागणार होतं, आणि ज्यांच्या गालांना कधी विळा लागला नाही ते लोक वाकून ते वाचणार होते. त्यांना याहून काही नको होतं. आयुष्यात त्यांनी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

प्राध्यापक स्वतः अकोल्याला येऊन रेझर निवडणार होते. तो दिवस ठरला. गुरुजींनी आदल्या दिवशी सतरंजी अंथरून सगळे रेझर ओळीनं मांडले, मधोमध सोन्याचा. सकाळी ओट्यावर दाढी केली आणि स्टेशनवर जायला निघताना मावशींना म्हणाले, "पाहुने येऊन राह्यले. सगळं घर कसं चकचकीत दिसलं पायजे."

त्या दिवशी मला छापखान्यातून सुटी मिळाली नाही. दुपार उलटल्यावर मी धावत घराकडे निघालो तर प्राध्यापक मला रस्त्यात भेटले. एकटे, रिकाम्या हातानं, स्टेशनकडे चाललेले. मी नमस्कार केला तर त्यांनी नजर चुकवली. घरी आलो. डबे फळ्यांवर परत गेलेले, बंद. मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. नवं लुगडं, सारवलेली जमीन, भांडी आरशासारखी. मला म्हणाल्या, "चहा घेतला, पोहे खाल्ले, गोड बोलला. पन नेले काहून नाई बापा?"

गुरुजी ओट्यावरून म्हणाले, "मीच नाई म्हनलं. इतके मस्त दिसून राह्यले होते, देऊ नाई वाटले."

मी यावर विश्वास ठेवणारा नव्हतो. मला लगेच समजलं की काय झालं असणार. अमरावतीत कप एक असतो, पण वस्तीत येऊन, आमचं घर बघून, कुठेतरी काहीतरी आडवं आलं असणार. संस्थेतले लोक काय म्हणतील, पाटीवर हे नाव कसं लागेल. दुसरं काय असू शकतं? दुसऱ्या दिवशी मी पत्रक जुळवलं. चांगलं जमलं होतं. 'काचेच्या कपाटातली अस्पृश्यता' असा मथळा दिला आणि प्राध्यापकांचा उल्लेख असा केला की अमरावतीत कुणालाही ओळखता यावा. कच्चा छाप घेऊन सकाळीच ओट्यावर गेलो.

गुरुजी दाढी करत होते. त्यांनी छाप हातात घेतला, फेसाचा थेंब पडू नये म्हणून लांब धरला, शेवटपर्यंत वाचला.

"चांगलं लिवलं," ते म्हणाले. "पन याच्यातला मानूस चुकला."

मग त्यांनी उपरण्याखालून तो रेझर काढून माझ्या हातावर ठेवला. लखलखीत होता. मावशींच्या तांब्यासारखा, त्यांच्या परातीसारखा. मी पालथा केला. पाठीवर जिथे आकडे होते तिथे बोटाला अर्धवट काहीतरी लागत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. सोनं कुठेच नव्हतं.

चिंच, राख आणि विटेचा भुगा. सकाळपासून बसून, काथ्यानं. सगळे.

"ते लोक घरात येनार म्हून तिनं घासले," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. आत मावशी भाकरी थापत होत्या, तो आवाज येत होता. "आपल्या घरात कायी मळकं दिसू नये. आपल्यालेच त म्हनत आले ना लोक, मळके म्हून. तिच्या मायले म्हनले, तिले म्हनले. मी दारात आलो त ती उभी होती. बोटं चिंचेनं पांढरी पडलेली. मले म्हने, पाहा."

मी विचारलं, प्राध्यापकांनी काय केलं.

"त्यानं एक उचलला, पालथा केला, अन् माह्याकडे पायलं. चांगला मानूस हाय. चांगला हाय म्हून बोललाच असता. ज्यायचे आकडे उरले ते नेतो म्हनला असता, अन् मंग हे काहून नाई नेले तेबी सांगावं लागलं असतं, तिच्यासमोर. मी म्हनलं, सर, चहा घ्या. तिले म्हनलं, मस्त दिसून राह्यले."

त्यांनी उरलेला गाल केला. पाणी मारलं. मग रस्त्याकडे बघत जे म्हणाले ते मी तसंच्या तसं लिहितो, कारण इतक्या पत्रकांत मला असं एक वाक्य जमलेलं नाही.

"साऱ्या अकोल्याले समजावून सांगतलं मी. शिपायाले सांगतलं. घरात फक्त म्हनलं, हात लावू नोको. जे आयकत मोठा झालो, तेच मी तिले इतकी वर्सं आयकवलं."

मी छापखान्यात गेलो आणि त्या पत्रकाचे खिळे सोडवून एकेक करून पेटीतल्या आपापल्या घरात परत टाकले. संतापलेल्या माणसाला समोर कुणीतरी लागतं. प्राध्यापक नव्हता, मावशी तर नव्हत्याच. ज्यांनी तिच्या मायला मळकी म्हटलं ते गावोगाव पसरलेले, कुणी मेलेले, कुणी अजून चावडीवर बसलेले. त्यांच्यावर लिहिलेली माझी पत्रकं आधीच चार गठ्ठे होती. त्यांतलं एकही त्या सतरंजीपर्यंत वेळेवर पोचलं नव्हतं.

नंतरचे गुरुजी मला पुरते आठवतात, आणि आठवलेले आवडत नाहीत. कबाड्यांकडे जाणं बंद झालं. ओट्यावरची दाढी सुरू होती, पण गप्पा कमी झाल्या. आणि एक नवीन गोष्ट सुरू झाली. बुद्ध पौर्णिमा जवळ आली की ते बाजारातून स्वतः चिंच आणत. मावशी अंगणात राखेची पाटी घेऊन बसत, गुरुजी शेजारी बसून एकेक रेझर डब्यातून काढत, सवयीनं पालथा करून पाठ बघत आणि मग मावशींच्या हातात देत. मावशी घासत. काथ्याचा तो कर्रकर्र आवाज मला खोलीत बसून ऐकवत नसे. मी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, गुरुजी, आता थोडं तरी राहू द्या, आकडे अजून काहींवर आहेत. ते म्हणाले, "एकदा घासू देल्ले अन् आता नोको म्हनलं, त तिले कळन ना."

मागच्या उन्हाळ्यात गुरुजी गेले. आधी उजवं अंग गेलं होतं. ते शेवटचे महिने मावशी त्यांना ओट्यावर बसवून, रस्त्याकडे तोंड करून, त्यांची दाढी करायच्या. गुरुजींनी वडलांची दाढी केली होती त्या रेझरनं. हळूहळू त्यांना सराव झाला. सलूनवाला तो तरुण, आता बाप्या झालेला, एकदा येऊन म्हणाला, मावशी, मी करून देत जाईन. मावशींनी नको म्हटलं. गुरुजींनी मात्र डाव्या हातानं त्याचा हात धरून थोडा वेळ सोडला नाही.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी मावशींना भेटायला गेलो. आता मी वेगळ्या पुऱ्यात राहतो. त्या फळ्यांसमोर बसल्या होत्या, डबे खाली काढलेले. मला म्हणाल्या, घेऊन जाय बापा, मी काय करू. मी म्हटलं, असू द्या, तुमचे आहेत. चांगले दिसतात.

मावशींनी हातातला डबा बाजूला ठेवला.

"तूबी तसाच बोलतं, त्यायच्यासारखा," त्या म्हणाल्या. "मले मालूम हाये. सोन्याचा होता तो. घासता घासता राखेत पिवळं उतरलं तवाच मले कळलं. पन त्या अमरावतीच्या मानसासमोर हे म्हनले, मस्त दिसून राह्यले. मंग मी काय बोलू? तुलेबी मालूम नसल्यावानीच इचारलं, नेले काहून नाई म्हून."

मी विचारलं, मग दर वर्षी पुन्हा का घासत होतात?

"ते चिंच घेऊन येत ना," मावशी म्हणाल्या. "नाई म्हनलं असतं, त त्यायले कळलं असतं मले मालूम हाये म्हून."

अमरावतीच्या त्या कपाटात आता अडकित्ते आहेत. मी मुद्दाम जाऊन पाहिलं आहे. पातूर तालुक्यातल्या त्या गावाचं नाव त्या दालनात कुठेही नाही. आणि इकडे दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून, अंगणात शेजारी बसून, जे उरलं होतं तेही थोडं थोडं झिजवत राहिली.

मावशींनी मधला डबा उघडला. तो रेझर काढला, पदरानं नुसता टिपला. मग गुरुजी करायचे तसा पालथा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. तिथे काहीच लागत नव्हतं. त्यांनी झाकण लावलं आणि डबा तसबिरीखाली, होता तिथे, परत ठेवला.